जिवाणूंच्या पोटातलं प्लॅस्टिक: स्ट्रॉ, चमचे, पिशव्या आणि एक रीळ, आठ महिने वापरून

पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'जिवाणूंनी तयार केलेलं प्लॅस्टिक', आणि घरातून पहिला प्रश्न आला तो हा की मग हे तोंडात घालायचं का. प्रश्न अगदीच वेडगळ नाहीये म्हणा. जिवाणू म्हटलं की आपल्याला आधी आजारपण आठवतं, आणि हे तर त्यांनी स्वतःच्या अंगात साठवलेलं. मी चार प्रकारचं सामान घेतलं होतं, चार वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून: स्ट्रॉची दोन पाकिटं, चमचे, ओल्या कचऱ्याच्या पातळ पिशव्या आणि थ्रीडी प्रिंटर वितळवून वापरतो त्या प्लॅस्टिकच्या तारेचं, म्हणजे फिलामेंटचं, एक किलोचं रीळ. चारही ठिकाणी दावा एकच, पीएचए, म्हणजे जिवाणू स्वतःच्या पेशीत साठवतात त्या प्लॅस्टिकच्या कुळाचं नाव. आठ महिने झाले आता, काही अजून वापरात आहे, काही बादलीत कुजतंय, एक प्रकार तर चक्क फसवणूक निघाला, म्हणून सगळं एकत्रच लिहून टाकते. कोणाचंच नाव घेत नाहीये, मला वस्तूबद्दल लिहायचंय, दुकानदारांशी भांडत बसायचं नाहीये.

तर तोंडात घालायचं का, बिनधास्त घाला. त्यात जिवाणू शिल्लकच नसतात. पेशी फोडून, धुऊन, आतलं प्लॅस्टिक वेगळं काढून मग ते दीडशे डिग्रीच्या आसपास वितळवून त्याचे दाणे पाडतात, त्यातून जिवंत काय राहणार. आणि गंमत म्हणजे ज्या रेणूंची ही माळ ओवलेली असते तो ३-हायड्रॉक्सीब्युटिरेट आपण बराच वेळ उपाशी राहिलो की आपल्याच रक्तात फिरत असतो, कीटोन कीटोन म्हणतात ना लोक, त्यातलाच. याच कुळातलं पी४एचबी नावाचं प्लॅस्टिक आहे, त्याचे शरीरात विरघळणारे टाके अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामकाने, २००७ मध्ये मंजूर केले, आणि ते बनवून घेतात बाहेरची जनुकं घातलेल्या ई. कोलाय नावाच्या जिवाणूकडून. म्हणजे जे जखमेत चालतं ते ओठाला चालायला काय हरकत आहे.

माझी एक मैत्रीण फर्मेंटेशनवाली आहे, म्हणजे टाक्यांत जिवाणू वाढवायचं काम, दिवसभर फर्मेंटर, फीड आणि कंटॅमिनेशन याच्यापलीकडे बोलत नाही, तिला विचारलं की हे नक्की काय असतं गं, तर म्हणाली, "चरबी आहे ती त्यांची, दुसरं काय." साखर द्यायची रेलचेल आणि नायट्रोजन तोडायचा. नवीन पेशी बनवायला प्रोटीन लागतं, प्रोटीनला नायट्रोजन, तोच नाही म्हटल्यावर वाढ थांबते पण खाणं काही थांबत नाही, मग आत आलेला कार्बन ठेवायचा कुठे तर दाणे करून पोटात. आपला पगार होतोय पण घर बांधायची परवानगीच मिळेना म्हणून माणसाने नोटा गादीखाली कोंबाव्यात तसा प्रकार. कुप्रियाव्हिडस नेकाटर नावाचा जिवाणू यातला पट्टीचा, त्याच्या कोरड्या वजनातलं ८० टक्के किंवा त्याच्याही वर नुसतं प्लॅस्टिक असू शकतं. तिने एकदा मला नाईल रेड नावाचा रंग घालून मायक्रोस्कोपखाली दाखवलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर एकेका पेशीत केशरी ठिपके, आठ-दहा, एकमेकांना रेटून बसलेले, पेशीची भिंत त्यांनी बाहेरून फुगलेली, जिवाणू कसले, टच्च भरलेल्या शेंगाच त्या. आणि शेजारच्या स्लाईडवर तोच जिवाणू पण नायट्रोजन भरपूर मिळालेला, तिथे नुसता अंधार. मला प्रिंटर आणि कचरा सोडून यातलं काही कळत नव्हतं, पण ते पाहिल्यावर चारही गोष्टी ऑर्डर केल्या, खरं कारण हे आहे.

आता स्ट्रॉ. रंग पांढराशुभ्र नाही, जरा मळकट, हस्तिदंती म्हणू. हातात घेतल्यावर साध्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉपेक्षा किंचित जड आणि जरा मेणचट. ओठाला लागल्यावर प्लॅस्टिकच वाटतं, आणि कागदी स्ट्रॉचा ज्यांना वैताग आहे त्यांना हेच पाहिजे असतं, ती दहा मिनिटांत गळून जायची भानगड नाही, कागदाचा लगदा जिभेवर येत नाही. पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवली, सकाळी जशीच्या तशी. उकळतं पाणी खाली उतरवून लगेच त्यात बुडवली, थोडी मऊ झाली, बोटाने दाबली तर दबली पण उभी राहिली. शेजारी पीएलए नावाच्या दुसऱ्या बायोप्लॅस्टिकची एक स्ट्रॉ ठेवली होती तुलनेला, तिने दहा सेकंदांत मान टाकली. पीएलए ५५-६० डिग्रीच्या पुढे ढिलं पडतं, त्यामुळे गरम काही प्यायचं असेल तर त्याचा उपयोगच नाही. इथपर्यंत पीएचएला पैकीच्या पैकी.

पण. पहिलं पाकीट संपलं, दुसरं ड्रॉवरमध्ये तसंच पडून होतं, सातव्या महिन्यात उघडलं. सवयीने टोक जरा चावलं तर कडकन उभी चीर गेली. म्हटलं ही एकच खराब असेल, दुसरी घेतली, वाकवली, काडकन. पहिल्या महिन्यात पहिल्या पाकिटातली एक मी सहज बोटाला गुंडाळून बघितली होती, तेव्हा काही झालं नव्हतं. मला वाटलं कुजायला लागली की काय ड्रॉवरमध्येच, मैत्रीण म्हणाली नाही गं, कुजायला ओल आणि खाणारं कोणीतरी लागतं, तुझ्या ड्रॉवरमध्ये दोन्ही नाही. ही म्हातारी झालीये. म्हणजे असं की या प्लॅस्टिकमधल्या साखळ्या खोलीच्या तापमानालाही अगदी गोठून बसलेल्या नसतात, हळूहळू हलत असतात, आणि आठवड्या-महिन्यांत त्यांचे आणखी स्फटिक होत जातात. जितके स्फटिक जास्त तितकं ते कडक आणि ठिसूळ. शुद्ध पीएचबीमध्ये, म्हणजे पीएचएच्या सगळ्यात साध्या प्रकारात, हा रोग सगळ्यात जास्त, सुधारलेल्या प्रकारांत कमी, पण जात नाही पूर्ण. म्हणून स्ट्रॉ घ्यायच्या असतील तर छोटं पाकीट घ्या, स्वस्त पडतं म्हणून पाचशेचा गठ्ठा घेऊन वर्षभर पुरवायचा विचार असेल तर नका करू, आणि पाकिटावर बनवल्याची तारीख नसेल तर विचारा. बहुतेक ठिकाणी नसतेच. हीच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, वस्तू नासणारी आहे असं छातीठोकपणे सांगता ना, मग तारीख का नाही टाकत.

आणि या जिवाणूंची जनुकं बदलायचा सगळा खटाटोप पण याच ठिसूळपणापायी आहे बरं का, निदान बराचसा. लोकांना वाटतं जिवाणूत काहीतरी अचाट घुसवलं म्हणून तो प्लॅस्टिक बनवायला लागला. तसं नाहीये. तो आधीपासून बनवतोच, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरीस लम्वान्य यांनी १९२६ मध्येच एका बॅसिलसच्या पेशीतून पीएचबी वेगळं काढून दाखवलं होतं. पण पीएचबी जिवाणूच्या सोयीचं आहे, आपल्या नाही. वितळतं १७५-१८० डिग्रीला आणि त्याच्या थोडं वर गेलं की साखळ्याच तुटायला लागतात, म्हणजे मशीनवर काम करायला जागाच नाही. ताकद पॉलिप्रोपिलीनच्या जवळपास, पण पॉलिप्रोपिलीन ओढलं तर कैक पट लांबतं आणि हे पाच टक्क्यांच्या आसपास ताणलं की मोडतं. मग १९८० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीने जिवाणूंना साखरेबरोबर प्रोपिऑनिक ॲसिड खाऊ घातलं, त्यामुळे माळेत मधेमधे दुसरा मणी आला आणि माल जरा नरम झाला, बायोपोल नाव दिलं त्याला, १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूच्या बाटल्या त्याच्या निघाल्या होत्या. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जनुकांची अदलाबदल. माळ ओवणारं जे एन्झाइम असतं ते कुप्रियाव्हिडसचं स्वतःचं फार निवडक, त्याला छोटेच मणी चालतात. ते काढून एरोमोनास कॅव्ही नावाच्या दुसऱ्या जिवाणूचं एन्झाइम बसवलं आणि खायला वनस्पती तेल दिलं की माळेत लांब शेपटीचा मणी येतो, पीएचबीएच म्हणतात त्याला. ती शेपटी स्फटिकात नीट मावत नाही, म्हणून स्फटिक कमी, म्हणून लवचीक. जपानच्या कानेका कंपनीचं प्लॅस्टिक याच जातीचं आहे, तिथल्या सेव्हन-इलेव्हनमध्ये २०१९ पासून त्याच्या स्ट्रॉ आल्या.

ई. कोलायची तऱ्हा वेगळी. त्याला स्वतःला हे काही येत नाही. पण लागतात तीनच जनुकं: एक दोन छोटे तुकडे जोडणारं, दुसरं त्या जोडणीचं रूप बदलून मणी करणारं, तिसरं मणी ओवणारं. १९८८ मध्ये ती तिन्ही ई. कोलायमध्ये घालून झाली आणि पठ्ठ्या प्लॅस्टिक साठवायला लागला. त्यात फायदा असा की याला ते साठवलेलं परत खाता येत नाही. मूळ जिवाणू हुशार असतो, उपासमार झाली की स्वतःचे दाणे मोडून खातो, म्हणजे बॅच काढायला उशीर झाला तर तुमचा माल त्याच्याच पोटात जिरला. ई. कोलायकडे तिजोरीत टाकायची फट आहे, किल्ली नाही. पुढे लोकांनी पेशी दुभंगायची थांबवून तिला दोऱ्यासारखी लांब पण करून बघितली, कारण साठवायला कोठी मोठी हवी ना. मला हे फार आवडलं, म्हणजे इंजिनियरिंग म्हणजे काही चमत्कार नाही, गोदामाची रचना बदलतायत.

चमच्यांवर येते. इथे फसवलं गेलं. वर्णनात पीएचए, पाकिटावर पीएचए, आतल्या चिठ्ठीवर 'सूक्ष्मजीवांपासून, मातीत विरघळणारे'. चमचा दिसायला चकचकीत, काचेसारखा पारदर्शक. तिथेच शंका यायला पाहिजे होती, पीएचएचा जाड तुकडा स्फटिकांमुळे कधी असा आरपार दिसत नाही, धुरकट असतो. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मी फोनवर बोलत होते, परत येऊन बघते तर दांडा भांड्याच्या काठावरून लोंबतोय. पीएलए. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मॅडम दोन्ही बायोच आहे." च्यायला, मग गाय आणि घोडा दोन्ही जनावरंच आहेत की. पीएलएमध्ये सूक्ष्मजीवांचं काम लॅक्टिक ॲसिड बनवण्यापुरतं, पुढची साखळी कारखान्यात रसायनाने जोडतात. दक्षिण कोरियाच्या काइस्ट विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये ई. कोलायच्या आतच पीएलए बनवून दाखवलंय ते वेगळं, बाजारातलं तसं नसतं. मुख्य फरक म्हणजे पीएलए कुजायला साधारण ५८ डिग्रीचं औद्योगिक कंपोस्ट लागतं, घरच्या बादलीत ते नुसतं बसून राहतं पाहुण्यासारखं. पैसे परत मिळाले, तीन आठवडे पाठपुरावा करून.

तुम्हाला घरी तपासायचंय तर सोपं आहे. आधी एक तुकडा कापून साध्या पाण्यात टाका आणि बोटाने खाली ढकला म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील. वर आला तर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिन, त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी. बुडला तर पीएचए किंवा पीएलए असू शकतं, दोन्ही १.२ च्या वर. मग तोच तुकडा खूप गरम पाण्यात: लुळा पडला तर पीएलए, तग धरला तर पीएचए असण्याची शक्यता चांगली. शंभर टक्के खात्री नाही यात, पॉलिस्टर वगैरे बाकीची पण प्लॅस्टिकं बुडतात आणि गरम पाण्यात टिकणारं पीएलए पण निघतं, पण ढळढळीत थापा पकडायला पुरते.

पिशव्या आवडल्या मला, म्हणजे जिथे जे हवं ते तिथे आहे. पातळ, जरा चुरचुर आवाज करतात, गाठ बसते नीट. दोष एकच, ओला कचरा भरून पाच दिवस ठेवली तर तळाला बुळबुळीत होऊन भोक पडतं. घरातल्यांनी लगेच 'बेकार क्वालिटी' म्हणून निकाल दिला. मी म्हटलं अहो, ओला कचरा, ऊब, जंतू सगळं आत भरून ठेवलंय, आणि पिशवी कुजणारी आहे, ती कुजली. दोन दिवसांनी रिकामी करायची सवय लावली, प्रश्न संपला. ज्यांना आठवडाभर कोपऱ्यात कचरा ठेवायचाय त्यांनी या वाटेला जाऊ नका.

फिलामेंटचं प्रकरण मात्र माझ्याच चुकीने सुरू झालं. रीळ आलं, उत्साहात पीएलएचीच सेटिंग ठेवली, नोझल (वितळलेलं प्लॅस्टिक सोडणारी तोटी) २१५ डिग्री, बेड (वस्तू ज्यावर बनते तो तवा) ६०, दिलं चालू करून. पहिला थर गेला पाण्यासारखा, दुसऱ्यात बुडबुडे, आणि खोलीत एक आंबट-तिखट उग्र वास. पीएचबीच्या जातीचं प्लॅस्टिक जास्त तापलं की तुटून क्रोटोनिक ॲसिड तयार होतं, तो वास त्याचा असणार. खिडक्या उघडल्या, नोझल १९० वर आणलं, बेड पूर्ण बंद केला, पंखा फुल. मग सुधारलं. बेड बंद का, तर हा माल गोठायला वेळ घेतो, गरम बेडवर तो चिकट गोळ्यासारखा राहतो आणि वरचे थर सरकतात. थंड बेडवर चिकटत नाही म्हणून ब्लू टेप लावावा लागतो आणि मोठ्या वस्तूचे कोपरे उचलतातच, त्यावर मला उपाय सापडलेला नाही. छोट्या वस्तू छान आल्या. रोपांच्या ट्रेचे कप्पे केले, हात लावला तर नायलॉनसारखे गुळगुळीत, आणि गरम पाणी ओतलं तरी आकार सोडत नाहीत, पीएलएचे कप्पे बिचारे कारमध्ये राहिले तरी वाकडे होतात. पण एक किलोतलं जवळपास दोनशे ग्रॅम मी सेटिंग शोधण्यातच घालवलं. नवशिक्यांनी घेऊ नये. रोपं लावून कप्प्यासकट मातीत पुरायची असतील तर याच्यासारखं दुसरं नाही.

आता मुख्य परीक्षा, कुजणं. याच्यासाठीच आपण महाग माल घेतो. मी स्ट्रॉचे सारख्या लांबीचे तुकडे केले आणि तीन ठिकाणी ठेवले: ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टच्या बादलीत जाळीच्या पिशवीत बांधून, कुंडीतल्या कोरड्या मातीत, आणि नळाचं पाणी भरलेल्या बंद बरणीत. सोबत पीएलएचे पण तेवढेच तुकडे.

बादलीत पहिला महिना काहीच नाही, मी तर नाद सोडला होता. सहाव्या आठवड्यात काढले तर चकाकी गेलेली, नखाने खरवडलं तर खडूसारखी पूड. भिंगातून बघितलं तर पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे, कोणीतरी चमच्याने कोरून नेल्यासारखे. आणि खरोखर तसंच होतं ते, मातीतले दुसरे जिवाणू आणि बुरश्या एन्झाइम सोडून बाहेरून खातात, थर थर करत, आतलं तसंच राहतं. म्हणून जाडीचा हिशोब फार महत्त्वाचा, पातळ वस्तू पटकन जाते, जाडी वाढली की वेळ वाढतच जातो. चौथ्या महिन्यात जाळीत दोन-तीन करवंट्या उरल्या होत्या, त्या बोटात धरल्यावर चुरल्या. पिशव्या त्याआधीच, दोन महिन्यांत नाहीशा. पीएलएचे तुकडे धुतले, पुसले, परत वापरता आले असते.

कोरड्या कुंडीत? आठ महिन्यांनी पीएचएच्या तुकड्यांवर थोडे डाग, बाकी शाबूत. बरणीतल्या नळाच्या पाण्यात तर नव्यासारखे. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय कारण 'निसर्गात आपोआप विरघळतं' असं जे लिहितात ते साफ चूक आहे. विरघळत नाही, खाल्लं जातं. खाणारे हजर पाहिजेत, ओल पाहिजे, थोडी ऊब पाहिजे, आणि एवढं जमलं तर मग ५८ डिग्रीची भट्टी लागत नाही, घरचं कंपोस्ट पुरतं, समुद्रातही खाणारे असतात म्हणून तिथेही जातं, थंड खोल पाण्यात हळू. पण म्हणून खिडकीतून फेकायची मुभा नाही मिळत. रस्त्याच्या कडेला सुक्या गटारात पडलेली पीएचएची स्ट्रॉ आणि साधी स्ट्रॉ, दोघी बहिणी बहिणी.

लेबलं वाचताना पण हेच बघायचं. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' याला अर्थ नाही. युरोपचं ईएन १३४३२ हे मानक असेल तर ते औद्योगिक कंपोस्टचं, सहा महिन्यांत ९० टक्के कार्बन खाल्ला गेला पाहिजे, पण तिथल्या उष्णतेत. घरच्या बादलीसाठी असेल तर 'ओके कंपोस्ट होम' बघा, ते २० ते ३० डिग्रीला एका वर्षाच्या आत. समुद्राचं चिन्ह वेगळं. आणि ऑक्सो-डिग्रेडेबल लिहिलेलं असेल तर हात पण लावू नका, ते साधं पॉलिथिनच, फक्त लवकर भुगा होण्याचं औषध घातलेलं. एक मात्र गमतीशीर आहे, युरोपियन युनियनने २०१९ च्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या नियमात पीएचएला सूट दिली नाही. झाडातला सेल्युलोज नैसर्गिक, पण फर्मेंटरमधे जिवाणूने बनवलेलं ते नैसर्गिक पॉलिमर धरायचं नाही असा अर्थ लावला, त्यामुळे तिथे या स्ट्रॉ पण बंदच. मला आधी राग आला होता, कोरड्या कुंडीचा निकाल बघून थोडा शांत झाला.

एक गोंधळ वारंवार होतो तो पण सांगते, प्लॅस्टिक खाणारा जिवाणू म्हणून जो बातम्यांत होता, इडिओनेला साकाइएन्सिस, २०१६ मधला, तो पाण्याच्या बाटलीचं पीईटी खातो. त्या बातमीचा याच्याशी काही संबंध नाही. तिथे गोष्ट खाण्याची होती, इथे बनवण्याची आहे.

महाग का, हे विचाराल तर मी मैत्रिणीलाही विचारलं आणि ती तासभर बोलली. थोडक्यात सांगायचं तर एक किलो पीएचबीला कागदावरच दोन किलोच्या वर साखर लागते, प्रत्यक्षात तीनच्या आसपास, कारण जिवाणू स्वतः पण जगतो ना त्यावर. मग सगळी टाकी, पाइप, फीड वाफेने निर्जंतुक करायचं, दिवसरात्र हवा मारायची, आणि शेवटी पेशी फोडून अर्ध्या मायक्रॉनपेक्षा लहान दाणे बाहेर काढायचे, तिथे पैसा वाहतो. कुठे एक आगंतुक जंतू घुसला की आख्खी बॅच गटारात. चीनमध्ये चिंगह्वा विद्यापीठातल्या मंडळींनी यावर मस्त डोकं चालवलंय, मिठाच्या तळ्यातला हॅलोमोनास जिवाणू घेतला, खारट आणि अल्कलाइन पाण्यात तो सुखाने वाढतो आणि बाकी कोणी टिकत नाही, मग निर्जंतुक करायची कटकटच नको. तरी धंदा अवघड. अमेरिकेत मेटाबोलिक्स आणि एडीएम या कंपन्यांनी वर्षाला ५०,००० टनांचा कारखाना काढला होता, २०१२ मध्ये भागीदारी मोडली. डॅनिमर सायंटिफिक या पीएचए बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे आज आवडलेली वस्तू पुढच्या वर्षी मिळेलच असं धरून चालू नका, माझ्या फिलामेंटचा तोच रंग आत्ताच 'उपलब्ध नाही' दाखवतोय.

परत काय घेईन? पिशव्या, नक्की. स्ट्रॉ, छोटं पाकीट आणि तारीख विचारून. फिलामेंट, रोपांसाठी हो, बाकी नाही. चमचे खरे पीएचएचे नंतर दुसरीकडून मिळाले, धुरकट, गरम पाण्यात ताठ, जेवताना चांगले, पण दोन मिलिमीटर जाड आहेत, आणि एकदा वापरून टाकायच्या वस्तूला एवढी जाडी म्हणजे बादलीत मुक्काम ठरलेला. पाच महिन्यांपूर्वी त्यातला एक मी कंपोस्टात खोचला होता. परवा काढून धुतला, दांड्यावर कोरलेली अक्षरं गेलीत, कड एका बाजूने कुरतडल्यासारखी झालीये, पोट मात्र अजून भरभक्कम. परत खोचून ठेवलाय.